बावीस गैरहजर ठोके

आमच्या घरात एकाला हृदयविकार आहे, हे मी डॉक्टरांच्याही आधी ओळखलं होतं. फक्त तो सासऱ्यांना आहे असं मी जाहीर केलं, आणि होता सासूबाईंना. दोघं राहत एकाच खोलीत, म्हणजे माझा नेम फार तर चार हातांनी हुकला. पण त्या चार हातांपायी एक बाई जवळजवळ जिवाला मुकली असती! हे मी गेली कितीतरी वर्षं भेटेल त्याला सांगत आलो आहे. कुणी मनावर घेत नाही. म्हणून आता लिहूनच टाकतो.

साल पंचाहत्तर-शहात्तर. मी सोलापुरात एका कापडगिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. माझं काम एवढंच, की कोण हजर, कोण गैरहजर आणि कोण किती मिनिटं उशिरा आलं ते मस्टरमध्ये मांडायचं. दिवसभर हेच केल्यावर माणसाची नजर बिघडते. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी आधी रिकामे पाट मोजायचो.

सासरे सिद्रामप्पा, म्हणजे आमचे मामा, यांचं चादरींचं दुकान आणि पेठेत दुमजली घर. खाली मामा-मामी, वर आम्ही नवरा-बायको. बायको महानंदा ही त्यांची एकुलती एक. गल्लीतले लोक मला घरजावई म्हणत. मी त्यांना समजावून सांगे, की घरजावई सासऱ्याच्या घरात राहतो, मी घराच्या वर राहतो. (या युक्तिवादाचा आजवर कुणावरही परिणाम झालेला नाही.)

मामा बावन्न वर्षांचे, तालमीत वाढलेले. त्यांच्या छातीपुढे सदऱ्याची बटणं जीव मुठीत धरून असत. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत मानाचे नंदीध्वज निघतात. लोक त्यांना नुसतं काठी म्हणतात. पण ही काठी घरांच्या माळवदांवरून डोकावते, आणि ती एकट्या माणसानं उभी पेलून चालायचं असतं. त्यातल्या एका काठीचा थोड्या वाटेपुरता मान मामांच्या घराण्याकडे होता. वर्षाचे बाकीचे दिवस मामा चादरी विकत, पण जगत ते त्या थोड्या वाटेसाठी.

मामी, शांतव्वा, अंगानं बारीक, वर्णानं गोऱ्या, गालांवर कायम लाली. मला ती लाली उत्तम तब्येतीची खूण वाटे. लेकीला कडक भाकरी जमत नाही असं त्यांचं मत होतं (माझंही होतं, पण मी ते मांडलं नाही), म्हणून त्या रोज सकाळी आमच्यासाठी भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन जिन्याच्या चौदा पायऱ्या चढत. सातव्या पायरीवर थांबत. चांगली दोन-तीन मिनिटं थांबत. मी लगेच तोंडावर बोट ठेवून महानंदाला खुणावायचो, गप्प बस, तुझी अव्वा चोरून ऐकतेय! रात्री त्या भिंतीला टेकून बसूनच झोपत. मला वाटे, आम्ही सिनेमाहून कधी परततो यावर पाळत आहे. आडव्या झाल्या की खोकत. तो मिरच्या भाजल्याचा ठसका. पाय सुजत; जोडवी घट्ट झाली असणार. थोडक्यात, मामींच्या प्रत्येक गोष्टीचं कारण माझ्याजवळ तयार असे. आज हे लिहिताना कान गरम होतात. तेव्हा मात्र मी ते कारण शेजाऱ्यांनाही सांगत असे.

त्या दिवाळीनंतर आमच्या वाचनालयात एका डॉक्टरांचं व्याख्यान झालं. विषय होता, हृदयाचे नेहमीचे विकार, त्यांची कारणं आणि लक्षणं. मी पहिल्या रांगेत वही उघडून बसलो. छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखी कळ, ती डाव्या हातात किंवा जबड्यात उतरते, दरदरून घाम, श्वास अपुरा... सगळं लिहिलं. कारणं म्हणून तंबाखू, रक्तदाब, चरबी, काळजी. तेही लिहिलं. काहींच्या हृदयात वरचा संदेश खाली नीट पोचत नाही, ठोके कमी पडतात, माणूस एकाएकी कोसळतो. हे लिहून खाली दोन रेघा मारल्या. मग डॉक्टर म्हणाले, "निरोगी माणसाची नाडी मिनिटाला साधारण बहात्तर."

मी ताबडतोब स्वतःचं मनगट धरलं. चाळिसापर्यंत आलो आणि मागे कुणीतरी शिंकलं. पुन्हा पहिल्यापासून. साठला शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, किती झाले? पुन्हा पहिल्यापासून. शेवटी चौऱ्याऐंशी भरले. मान वर केली तर डॉक्टर फळ्यावरचं दरवाजांसारखं काहीतरी चित्र पुसत होते. "झडपांच्या विकाराबद्दल कुणाला शंका?" त्यांनी विचारलं. मला शंका नव्हती. मला त्यातलं काही ऐकूच आलं नव्हतं! मी वहीत अर्धं पान कोरं सोडलं आणि वर लिहिलं, 'झडपा: नंतर पाहणे.' नंतर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मस्टरचं एक जुनं कोरं पान आणलं, आणि सकाळी खाली जाऊन मामांसमोर बसलो.

"मामा, हात द्या."

"कशाला? पंजा लढवायचाय काय?"

"नाडी बघायचीय."

"बघा की. आमच्या बापानं बी कधी बघितली न्हाई."

घड्याळ लावलं. एक मिनिट. पन्नास! पुन्हा मोजली. एक्कावन्न. हात बदलून मोजली. पन्नास! बहात्तरातून पन्नास गेले, राहिले बावीस. रोज, दर मिनिटाला, बावीस ठोके गैरहजर! तेही कुठलाही अर्ज न देता!

"काय निघालं?" मामांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. (डॉक्टर असंच म्हणतात, असं मी ऐकून होतो.) "तुम्ही फक्त जोरात बोलू नका."

वर येऊन महानंदाला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"अप्पांना? काल त्यांनी चादरींचा गठ्ठा एका हातानं उचललाय."

"तेच तर! ताण पडला."

"तुमचं घड्याळ दाखवा आधी कुणाला तरी. आणि नाडीच बघायची तर अव्वाची बघा की. तिला हल्ली लई दम लागतो."

माझं पुढचं वाक्य मला शब्दाशब्दानं पाठ आहे. मी म्हणालो, "महानंदा, आपण अप्पांबद्दल बोलतोय. विषयांतर नको."

आता माझी बाजूही सांगतो, म्हणजे ती किती लंगडी आहे ते कळेल. मामी माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसत. ताट उंबऱ्यावर ठेवत आणि दाराआडून बोलत. अशा सासूचं मनगट जावयानं कसं धरायचं? गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. शिवाय गिरणीत बायकांचं मस्टर वेगळं, ते दुसऱ्या कारकुनाच्या टेबलावर. मस्टर म्हटलं की माझ्या हाताला पुरुषांचीच नावं लिहायची सवय. मी पानावर दोन ओळी आखल्या. एक मामांची, एक माझी. तिसरी ओळ आखायला किती वेळ लागला असता? पट्टी हातातच होती!

आठवडाभर मामांची नाडी पन्नासच्या वर सरकेना. जेवणाआधी पन्नास, जेवणानंतर चोपन्न. मग मी घरात जाहीर केलं, की मामांना हृदयविकार आहे. त्यांना संपूर्ण विश्रांती पाहिजे. मीठ बंद, शेंगाचटणी बंद, तेल बंद. आणि मोकळी हवा पाहिजे, म्हणून त्यांना वरच्या मजल्यावर आमच्या पुढच्या खोलीत हलवायचं.

"डागदरला दावायचं का आधी?" मामी दाराआडून म्हणाल्या.

"मामी, मी संपूर्ण व्याख्यान ऐकलंय," मी म्हणालो.

मामांना वर न्यायला मला अर्धा तास लागला. एक पायरी चढली की थांबा, नाडी बघा, मग दुसरी. मामा बिचारे जिन्यात शहाण्या मुलासारखे उभे राहत. आमच्या मागे, दोन पायऱ्या खाली, मामी उभ्या होत्या. डोक्यावर मामांची गादी घेऊन!

त्या दिवसापासून मामा वर आणि त्यांचं सगळं जग खाली. पाण्याचा तांब्या खाली, पथ्याचं जेवण खाली, अंघोळीचं पाणी खाली, दुकानाच्या किल्ल्या मागायला येणारा माणूस खाली. आणि मामांना जिना उतरायची बंदी! पूर्वी मामी दिवसातून एकदा जिना चढत, आता अकरा वेळा चढू लागल्या. मी मोजलं. मोजल्याशिवाय मला राहवतच नाही. आणि अकरा मोजून मी मामांना म्हणालो, "बघा, बायकांचं हृदय कसं दणकट असतं!"

मामा सुरुवातीला दाद देत नव्हते. मी रोज सकाळ-संध्याकाळ वही घेऊन बसायचो.

"छातीत दुखतं?"

"न्हाई."

"डाव्या हातात मुंग्या?"

"त्यो डोक्याखाली घिऊन झोपलो हुतो."

"घाम?"

"पांघरुणं तुमीच घातलाव की चार."

"उदास वाटतं? काळजी वाटते?"

"तुमी आलाव की वाटतं."

पण माणसाला रोज दोनदा, पंधरा दिवस, छातीत दुखतं का असं विचारलं तर छातीचं मन वळतं. सोळाव्या दिवशी मामा हळूच म्हणाले, "जावईबापू, आज जरा दुखल्यासारखं वाटाया लागलंय बरं का." मला इतका आनंद झाला की विचारू नका! मी ते लाल शाईनं लिहिलं.

अन् मग वस्ताद आले. चनबसप्पा वस्ताद हे काठीचा सराव घेत. यात्रा महिन्यावर आलेली, आणि मामा एकदाही सरावाला फिरकले नव्हते. वस्तादांनी खाटेवरच्या मामांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या मस्टरकडे बघितलं.

"सिद्राम, हे काय? यंदा काठी कोण पेलणार?"

मामा भिंतीकडे तोंड करून पडले. "जावई न्हाई म्हणतो," ते म्हणाले. आवाज असा आला, की मी वहीवरून नजर वर केली नाही. एवढे दिवस ते मला आजारी वाटत होते; त्या आवाजात पहिल्यांदा खरोखर आजारी वाटले.

"मान घराबाहेर जाऊन चालायचं न्हाई," वस्ताद म्हणाले. "पोरगा न्हाई तुला. पर जावई हाय की!"

मी मागे वळून बघितलं, आणखी कुणी जावई आहे का.

"मी?" मी म्हणालो. "माझी नाडी चौऱ्याऐंशी आहे."

"मंग चांगलंच झालं की," वस्ताद म्हणाले. "ह्येच्यापरीस लई जास्त हाय!"

रविवारी सकाळी मला सरावाला नेलं. सरावाची काठी खऱ्या काठीसारखीच, वर आणखी वजन बांधलेलं. कमरेला घट्ट पट्टा आवळला. चौघं चार बाजूंना हात पसरून उभे राहिले. लोक म्हणतील काठी माझ्या हातात दिली. खरं म्हणजे मला काठीच्या हातात दिलं. ती उजवीकडे गेली, मी उजवीकडे गेलो. ती डावीकडे गेली, मी गेलो. वस्ताद ओरडत होते, "वर बघा! वर बघा!" मी वर बघितलं. आकाश फिरत होतं. सातवं पाऊल टाकलं आणि छातीच्या मध्यभागी कळ आली, ती डाव्या खांद्यातून हातात उतरली. दरदरून घाम फुटला. श्वास अपुरा! चौघांनी काठी झेलली. मला कुणीच झेललं नाही.

धुळीत आडवा पडून मी मनातल्या मनात वही उघडली. छातीत कळ, हजर. डावा हात, हजर. घाम, श्वास, हजर. एकही लक्षण गैरहजर नव्हतं! "अटॅक," मी डोळे मिटून म्हणालो. "महानंदाला सांगा."

"फिट आली जणू! कांदा फोडा, कांदा!"

"चप्पल धरा नाकाशी!"

"अरं, पट्टा सोडा आधी त्याचा!"

कुणीतरी घराकडे धावलं. पुढचं मला महानंदानं नंतर सांगितलं. मामांनी चारी पांघरुणं भिरकावली, चौदा पायऱ्या तीन उड्यांत उतरले, दुकानासमोरची चादरींची हातगाडी ओढली आणि माल खाली न उतरवता तशीच पळवत आणली. मला उचलून गठ्ठ्यांवर टाकलं, वरून आणखी दोन चादरी घातल्या (मला आधीच घाम फुटलेला!) आणि ते गाडी घेऊन दवाखान्याकडे सुटले.

"मामा, पळू नका!" मी चादरीतून ओरडलो. "तुमचे ठोके!"

"सुम्न मलकोरी!" मामा गरजले. मामा भडकले की कानडीत जातात. अर्थ एवढाच, की गप पडून राहा. वाटेत चढ लागला. गाडीवर मी, गठ्ठे, चादरी, ढकलणारा हृदयरोगी! लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. मागून महानंदा पळत होती, आणि तिच्याही मागून, पदर सावरत, मामी.

दवाखान्यात नेमके व्याख्यानाचेच डॉक्टर होते. त्यांनी मला बघितलं, धापा टाकणाऱ्या मामांना बघितलं. "पेशंट कोण?"

"हे," मी मामांकडे बोट दाखवलं.

"ह्यो," मामांनी माझ्याकडे दाखवलं.

"यांना महिन्यापासून आहे," मी म्हणालो.

"ह्याला आत्ता झालाय," मामा म्हणाले.

"तुम्ही पहिल्या रांगेत नाडी मोजत बसला होतात तेच ना?" डॉक्टर मला म्हणाले. मी नम्रपणे मान हलवली. मला वाटलं, माझं लक्ष देऊन ऐकणं त्यांच्या ध्यानात राहिलं असावं.

दोघांचेही कार्डिओग्राम काढले. छातीला थंडगार मलम, तारा, यंत्रातून सरकणारी कागदाची पट्टी. डॉक्टरांनी पट्ट्या वाचल्या आणि खुर्चीत मागे रेलून हसले. "तुमच्या छातीचा आणि खांद्याचा स्नायू ताणलाय. शेक घ्या आणि जन्मात पुन्हा काठी धरू नका. आणि हे तुमचे सासरे... एवढा चढ पळून आले आणि बसल्या बसल्या नाडी पुन्हा खाली येतेय. कसरत केलेल्या माणसाचं हृदय एका ठोक्यात दुप्पट काम करतं. त्याला पन्नास ठोके पुरतात. यांना काही झालेलं नाही. यांना खाटेवर कुणी घातलं?"

मी कार्डिओग्रामची पट्टी निरखून बघू लागलो.

तेवढ्यात दारात मामी आल्या. दवाखान्याच्या तीनच पायऱ्या होत्या. त्यांनी चौकट धरली. तोंड उघडलं, शब्द फुटेना. ओठ निळसर झालेले. गालांवर तीच लाली.

डॉक्टर हसायचे थांबले. पहिल्यांदा त्यांनी खुर्ची सरकवली, मग स्टेथोस्कोप उचलला.

"ती अशीच करती, वाईच बसली की बरं वाटतं तिला," मामा म्हणाले. डॉक्टरांनी हातानंच त्यांना गप्प केलं. किती तरी वेळ ऐकत राहिले. मग हळू आवाजात एकेक विचारू लागले.

"आडवं झोपता येतं?"

"न्हाई, भिंतीला टेकून," मामी पुटपुटल्या.

"आडवं पडलं की खोकला?"

"व्हय."

"पाय सुजतात?"

"सांजच्याला."

"जिना चढताना?"

"मधी थांबावं लागतं. सातव्या पायरीवर."

प्रत्येक उत्तर मला माहीत होतं! आधीपासून! सिनेमाची पाळत, मिरच्यांचा ठसका, घट्ट जोडवी, चोरून ऐकणं... माझी सगळी कारणं एकामागून एक माझ्यासमोरून उठून चालू लागली.

"लहानपणी सांधे सुजून ताप आला होता?"

मामींनी मामांकडे बघितलं. "अकरा-बारा वर्सांची हुते. अक्कलकोटला माहेरी. गुडगं, मग घोटं, मग मनगटं. दोन महिनं उठवत नव्हतं. मग गेलं आपोआप."

"गेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "घसा धरतो, मग हा ताप येतो. सांधे बरे होतात, पण हृदयाची झडप दुखावलेली राहते. झडप म्हणजे दार. ते वर्षानुवर्षं आक्रसत जातं, मग अर्धवटच उघडतं. रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं. म्हणून दम, म्हणून खोकला, म्हणून बसून झोपणं. गालावरची लालीसुद्धा त्यातलीच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे सगळं मी व्याख्यानात सांगितलं होतं. चित्र काढून."

त्या वेळी मी चौऱ्याऐंशी मोजत होतो.

"गेल्या महिन्यात यांना कष्ट फार पडले का? अंगात पाणी साठलंय. आणखी थोडे दिवस असेच गेले असते तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

"दिवसाला अकरा वेळा जिना," मी म्हणालो. "मी मोजलंय." आणि सगळ्यांदेखत, धुळीनं माखलेला, छातीला मलम लागलेला मी मुसमुसून रडू लागलो. नर्सला वाटलं, माझा खांदा दुखतोय. तिनं तो चोळला.

मामींना तिथंच ठेवून घेतलं. औषधांनी अंगातलं पाणी उतरलं, धाप थांबली. कितीतरी दिवसांनी त्या आडव्या झोपल्या, आणि मामा शेजारच्या बाकावर बसून त्यांच्या झोपेकडे बघत राहिले. संक्रांतीला मामांनी काठी पेलली. मामी रस्त्याकडेला खुर्चीत बसून बघत होत्या. मला मात्र त्या बाजूला जायला वस्तादांची बंदी होती. पुढे मिरजेला मामींचं ऑपरेशन झालं. त्या काळी सर्जन छाती उघडून चालत्या हृदयात बोट घालत आणि आक्रसलेली झडप मोकळी करत. (हे ऐकून मी दवाखान्याच्या व्हरांड्यात कोसळलो. माझा आणखी एक कार्डिओग्राम निघाला. नॉर्मल.)

मामी घरी आल्यावर मी ठरवलं, सगळं कबूल करायचं. त्या दाराआड उभ्या होत्या. मी अलीकडे उभा राहून सांगत सुटलो. अर्धं पान कोरं कसं राहिलं, महानंदानं सांगूनही ऐकलं नाही, मस्टरमध्ये तुमची ओळच आखली नाही. शेवटी सगळ्यात लाज वाटणारी गोष्ट सांगितली, "मामी, तुम्ही सातव्या पायरीवर थांबायचात ना, मला वाटायचं तुम्ही चोरून ऐकता."

मग मामी म्हणाल्या, "ऐकत बी हुते की! थांबलेच हाय तर काय कान झाकू?"

आणि झालं! त्यानंतर मामींनी गल्लीभर, नात्यागोत्यात, अक्कलकोटपासून मोडनिंबपर्यंत एकच गोष्ट सांगितली: "माझा जावई काठीखाली पडला म्हणून मी दवाखान्यात गेले. न्हाईतर मी कशाला जाते? त्यानं जीव वाचवला माझा." हिशेबानं यातलं एक अक्षरही खोटं नाही, हेच माझं दुखणं आहे! मी म्हणतो, अहो, माझ्यामुळं त्या मरणार होत्या. लोक म्हणतात, किती नम्र माणूस! मामी त्यानंतर तेवीस वर्षं जगल्या आणि तेवीस वर्षं त्यांनी माझी ही कीर्ती वाढवत नेली. त्यांच्या तेराव्याला मी उभा राहून सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. चार माणसांनी डोळे पुसले आणि एकानं माझ्या पायाला हात लावला.

मागच्या वर्षी सांगोल्याला एका लग्नात असंच झालं. नवऱ्या मुलाचे चुलते शेजारी बसले होते, मी त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मनापासून ऐकलं त्यांनी. दोनदा मान हलवली. मग इकडंतिकडं बघून सदऱ्याची वरची दोन बटणं काढली आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमाला कळतंय म्हणून इचारतो. हितं जरा बघा की, चालताना लई धडधडतंय."

मी हात जोडले. म्हणालो, "उद्याच्या उद्या दवाखान्यात जा. आणि जाताना वहिनींना, आईला, शेजाऱ्याला, जो भेटेल त्याला बरोबर न्या. मी तुमच्याकडे बघितलंय, म्हणजे तुम्ही बहुतेक ठणठणीत असणार. बाकीच्यांना मात्र तपासून घ्या."